चांदोबातला ‘च’

महाराष्ट्र मंडळ, रायपूर
अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद यांस,



गेल्या उन्हाळ्यात माझा सात वर्षांचा नातू ओसरीवर बसून मराठी गोष्ट वाचत होता. अक्षरं त्याला सगळी येतात. शाळेत हिंदी आहे आणि लिपी तीच. गोष्टीतल्या मुलाला गृहपाठ केला नाही म्हणून शाळेत शिक्षा होते. तिथे तो अडला आणि मला म्हणाला, "आजी, यात काय झालं? शाळेत तर सगळ्यांनाच शिक्षा मिळते." पुढच्या पानावर त्या मुलाला राग आला, तेव्हा याला वाटलं की तो आता गाणार. ‘खाली बस’ म्हणजे रिकामं बसणं. पान संपेपर्यंत त्याच्या डोक्यात एक निराळीच गोष्ट तयार झाली होती आणि तो ती मोठ्या आनंदाने मला सांगत होता.

मी त्याला जवळ घेतलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण सगळे अभिमानाने म्हणतो की रायपूरच्या मुलांना मराठी वाचायला वेगळी लिपी शिकावी लागत नाही. अमेरिकेतल्या मराठी आईला आधी ‘अ आ इ’ गिरवून घ्यावं लागतं, आपलं ते काम हिंदीच्या तासाला आपोआप होतं. मीही हेच मानत आले. त्या दिवशी मात्र लक्षात आलं की ही सोय आपल्याला फसवते आहे. मूल भराभर वाचतं, आपण समाधान मानतो, आणि ते मुळात हिंदीच वाचत असतं.

त्याला ‘ळ’ पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याने विचारलं, "हा आडवा झोपलेला आठ कोणता?" हिंदीत हे अक्षर नाही, छत्तीसगढीतही नाही. ते निदान पानावर दिसतं, म्हणून त्याने विचारलं तरी. पण जे पानावर दिसतच नाही त्याचं काय करायचं? ‘चंद्र’ या शब्दातला ‘च’ आणि ‘चांदोबा’तला ‘च’ एक नाही. ‘चिंच’ हा तर एवढासा शब्द, त्यातला पहिला ‘च’ निराळा आणि दुसरा निराळा. लिहिताना मात्र दोन्हीकडे एकच अक्षर. ‘ज’ आणि ‘झ’चंही तसंच. हा फरक कोणत्याही अंकलिपीत छापलेला नाही. तो फक्त कोणाच्या तरी तोंडून मुलाच्या कानात जातो. पुस्तक कितीही चांगलं असो, चांदोबातला ‘च’ देणं त्याच्या हातात नाही.

तेवढ्याचसाठी हे पत्र लिहिते आहे. आपल्या मुलांपर्यंत मराठी आधी कानाने पोचली पाहिजे, मग डोळ्यांनी. आणि ती कानाने पोचवू शकणारी माणसं आपल्या घरांतून एकेक करून निघून चालली आहेत.

माझं बालपण इथल्या तात्यापारा या वस्तीत गेलं. नावातच अर्धं मराठी, अर्धं छत्तीसगढी. माझी आजी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन इकडे आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्या लहानपणी कोपऱ्यावर चक्की येऊन पुष्कळ वर्षं झाली होती आणि रोजचं दळण डबा डोक्यावर घेऊन तिकडेच जायचं. पण मागच्या पडवीत जातं होतं. डाळ भरडायची असली की, आणि घरात लग्न निघालं की हळद दळायला, ते धुऊनपुसून मांडलं जायचं. समोरासमोर दोघी बसायच्या, खुंट्यावर दोघींचे हात. एकीने मूठभर वैरण घालायची, दुसरीने ओवी उचलायची.

ओवी आजी गात होती असं म्हणणंही पुरतं बरोबर नाही. ती ओवी बांधत होती. चाल एक, घडण ठरलेली: शब्द ओळीच्या शेवटी जुळायचे आणि मग अर्धा चरण खाली टेकायचा. आत काय घालायचं ते तिच्या मनावर. माहेरच्या ओवीत मुळात वर्धा नदी होती, तिथे तिने खारून आणून बसवली. भाऊ घोड्यावरून यायचा, तो नागपूरच्या गाडीने येऊ लागला. मला गोवर झाला होता तेव्हा माझं नावही एका ओवीत आलं. पुढे कित्येक दिवस मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून वाट बघत असे, माझ्या नावाला जुळणारा शब्द आज कोणता येणार म्हणून. यमक म्हणजे काय हे मला शाळेत फार उशिरा शिकवलं गेलं. मांडीवर पडल्या पडल्या मी पुढचा शब्द ताडायला मात्र कितीतरी आधी शिकले होते.

आज मागे वळून बघते तेव्हा कळतं की त्या पडवीत केवढं व्याकरण शिकवलं जात होतं. ओवीत शब्द ओढून म्हणतात, त्यामुळे प्रत्येक स्वर पुरता कानात उतरतो. एकच ओळ दोनदा येते, त्यामुळे निसटलेला शब्द दुसऱ्यांदा सापडतो. नपुंसकलिंग म्हणजे काय ते न सांगता जातं ‘ते’ राहतं आणि पीठही ‘ते’. हिंदीत ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून आमची मुलं ‘माझी पुस्तक’ म्हणतात. त्यांना दहा वेळा टोकण्यापेक्षा ‘ते’ असलेली चार गाणी त्यांच्या ओठांवर बसवली तर काम अधिक लवकर होतं, हा माझा अनुभव आहे.

आजी १९८८ साली गेली. आमच्याकडे तेव्हा टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही भावंडांनी रेडिओवरची सिनेमाची गाणी टिपली, वाढदिवसाचा गोंधळ टिपला, शेजारच्या कुत्र्याचं भुंकणंसुद्धा टिपलं. आजीची एकही ओवी टिपली नाही. ती नेहमीच गायची, म्हणून कोणाला सुचलंच नाही. मला आज सहा ओव्या पूर्ण येतात. सातवीचा शेवट आठवत नाही. आईला विचारलं, आत्याला विचारलं. त्यांनाही आठवत नाही.

खानदेशात असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांनी शेतात आणि जात्यावर रचलेली गाणी घरच्यांनी ऐकता ऐकता कागदावर उतरवून घेतली, म्हणून ती राहिली. १९५१ साली त्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. सोपानदेव स्वतः कवी होते, त्यांना आईच्या गाण्याची किंमत कळली. पण मराठी मुलखातल्या किती आयांचे मुलगे कवी असतील? साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ छापलं. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. कोणत्या बाईने, कोणत्या गावात म्हटली, याच्या नोंदीसह. ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्यांतल्या पुष्कळशा आता कोणालाही वाचता येतात आणि काही ऐकताही येतात. मी त्या ऐकत बसते तेव्हा मधूनच एखादी चाल आजीची निघते आणि मला पुढचं काही ऐकू येत नाही.

खारून नदीची ओवी तिथे कुठून असणार? ती रायपूरची. ती जमवायची तर आपणच जमवायला हवी.

मी ‘आपण’ म्हणते ते मंडळाला उद्देशून, आणि मनात काही धरून नव्हे. हे मंडळ स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं आहे. मी चौदा वर्षांची होते तेव्हा, १९८१ साली, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या या शहरात भरलं होतं आणि गंगाधर गाडगीळ अध्यक्ष होते. वडील दोन दिवस घरी जेवायलाही आले नाहीत. महाराष्ट्राबाहेरच्या, हिंदी मुलखातल्या एका गावाने एवढं मोठं काम अंगावर घेतलं होतं. म्हणूनच आज त्याहून पुष्कळ लहान, पण अधिक नेट लागणारं काम मागायचं धाडस करते.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. मराठी जपा म्हटलं की काही जणांना वाटतं, हिंदीपासून मुलांना तोडा म्हणते आहे. तसं म्हणणारी मराठी बाई रायपूरची असूच शकत नाही. इथला नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ साली संपला आणि आपण राजदरबारची भाषा बोलणारे राहिलो नाही, ते बरंच झालं. त्यानंतर आपल्या माणसांनी इथल्या भाषेला मनापासून दिलं. माधवराव सप्रे मराठी घरातले. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं ते हिंदीत, वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर यांच्या साथीने. समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदी वाचकाला दिलं ते सप्र्यांनी. घरात ऐकलेली मराठी इतकी मुरलेली होती म्हणून ती दुसऱ्या भाषेत ओतता आली. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी, आणि त्यांचे सख्खे भाऊ शरच्चंद्र मराठीचे. एका आईची दोन मुलं. एका घरात दोन भाषा एकमेकींना खात नाहीत, याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

आणि गाऊन भाषा टिकते हे शिकायला आपल्याला पंढरपूरला जायचीही गरज नाही. दुर्गजवळच्या गनियारीच्या तीजनबाई पंडवानी कुठल्या शाळेत शिकल्या नाहीत. आजोबा, आईचे वडील ब्रजलाल, महाभारत गाऊन सांगायचे, ते ऐकून ऐकून त्यांनी सगळं तोंडपाठ केलं. बायकांनी बसून गायचं अशी रीत होती. त्या हातात तंबुरा घेऊन उभ्या राहिल्या आणि भीम झाल्या. पुढे २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण माझं मन अडकतं ते आजोबांचं चोरून ऐकणाऱ्या लहानग्या नातीपाशी. आपल्या कितीशा घरांत आज आजोबांचं चोरून ऐकण्यासारखं काही चालू असतं?

माझी सून धमतरीची, छत्तीसगढी बोलणारी. पहिल्या वर्षी ती दिवाळीच्या आधी अंगणात आलेल्या सुवा गाणाऱ्या बायकांत जाऊन उभी राहिली, टोपलीतल्या मातीच्या पोपटाभोवती टाळ्या वाजवत फिरली आणि सगळी गाणी तिला येत होती. मी सुपात तांदूळ घेऊन दारात उभी होते आणि मला माझीच आजी आठवत होती. त्या रात्री सुनेने विचारलं, "आई, तुमच्याकडे असं काही नाही का?" मी म्हटलं, आहे. आपल्याकडे भुलाबाई आहे. मग दुसऱ्या वर्षी भाद्रपदातल्या पौर्णिमेला आम्ही माती आणून भुलोबा-भुलाबाई केली आणि कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन बसलो. सुरुवातीला आम्ही दोघीच. पुढे काही वर्षांनी नातू. मग शेजारच्या तीन मुली, त्यांतली एक ओडिया बोलणारी. गाणी संपली की झाकलेल्या डब्यात खाऊ काय आहे ते ओळखायचं. गोड की तिखट, गोल की लांब, कुरकुरीत की मऊ? चारदोन दिवसांत या मुलांना ‘खमंग’, ‘लुसलुशीत’, ‘आंबटगोड’ हे शब्द येऊ लागले, कारण ते आल्याशिवाय खाऊ मिळत नव्हता.

एके दिवशी नातू टिपऱ्या घेऊन दारात आला आणि म्हणाला, "आजी, आपण बसायचं का?" तोपर्यंत तो ‘आम्ही बसायचं का’ म्हणायचा. हिंदीत ‘हम’ एकच. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा माणूस बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. हे मी त्याला कधी समजावलं नव्हतं. गाण्यातूनच ते त्याला सापडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो घाबरला, काही चुकलं की काय म्हणून.

आता वाचनाचं. गाण्याने कान तयार झाला की पुस्तक आपोआप उघडतं असं मी म्हणणार नाही. मध्ये एक पायरी आहे, कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवण्याची. माझे आजोबा रोज रात्री कंदिलापाशी वाचायचे. आजीला वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी ते सुरू केलं आणि आमच्यापर्यंत ते चालत आलं. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिली; तिची प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, ४२ रात्री. म्हणजे लिहिणाऱ्याने ती सांगण्यासाठीच लिहिली. आजोबा एका दिवशी एकच रात्र वाचत. आम्ही कितीही विनवण्या केल्या तरी दुसरी नाही. आजी मधूनच म्हणायची, "थांबा, हे पुन्हा वाचा." आणि ते पुन्हा वाचत. तिच्यामुळे आम्हाला प्रत्येक चांगला परिच्छेद दोनदा ऐकायला मिळाला.

आज घरी मी नातवासाठी वाचते ती पुष्कळदा माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं, कारण त्यांतली वाक्यं माणसं बोलतात तशी आहेत, वाचताना जीभ अडखळत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलेले आहेत. नागपूरहून पुस्तकं मागवायची वाट बघत बसायचं कारण उरलेलं नाही. पण मला सर्वांत जास्त आनंद झाला तो सून वाचायला लागली तेव्हा. ती अडखळत वाचते. ‘चांदोबा’ म्हणताना तिचा ‘च’ हिंदीचा येतो आणि नातू लगेच थांबवतो, "तसं नाही, आई, असं." ज्याच्यासाठी मी रात्रभर जागले, तोच आता शिकवतो.

अजून एक दुखणं आहे, तेही लिहिते. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना आम्ही दुसऱ्या एका शहरात नात्यातल्या लग्नाला गेलो. तिथे तो कोणाला तरी म्हणाला, "मी जेवून राहिलो, तुम्ही काऊन थांबले?" पंगतीत हशा पिकला. कोणी दुष्टपणाने हसलं नाही, पण तो परत येईपर्यंत मराठीत एक शब्द बोलला नाही, आणि नंतर कितीतरी वर्षं पाहुण्यांसमोर बोलला नाही. ती वऱ्हाडाकडून आलेली, रायपूरच्या उन्हात तापलेली मराठी आहे. माझ्या आजीने ओव्या याच मराठीत बांधल्या. मुलं बोलतात तेवढं बोलू द्यावं. व्यासपीठावर त्यांचं भाषण ऐकताना ‘हिंदी वळण’ शोधत बसू नये. चुकलेलं मूल सुधारतं, गप्प झालेलं मूल हातातून जातं.

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद मलाही झाला, त्या दिवशी मी पुरणपोळी केली. पण अभिजातपणाचा पुरावा ताम्रपटात आणि शिलालेखात शोधला जातो, आणि आपल्याकडे रायपुरात जो पुरावा आहे तो ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या बायकांच्या गळ्यात आहे. त्यांच्यातल्या काहींना आता कालचं आठवत नाही, पण पाळणा सुरू करून दिला की त्या शेवटपर्यंत म्हणतात.

म्हणून मंडळाला विनंती आहे की या वर्षी एक मोठा कार्यक्रम कमी झाला तरी चालेल, पण प्रत्येक सभासदाच्या घरच्या वडीलधाऱ्या बाईकडे कोणीतरी जावं. सोबत घरातलं एक मूल असावं आणि फोन त्याच्या हातात असावा. ओवी, पाळणा, भुलाबाईची गाणी, हळदीची गाणी, जे येईल ते टिपावं. ध्वनिमुद्रण सुबक नसलं तरी चालेल, मागे कुकरची शिट्टी वाजली तरी चालेल. फक्त तिचं नाव, माहेरचं गाव आणि गाणं कोणाकडून शिकली ते तिच्याच आवाजात आधी विचारून घ्यावं, आणि ते कोणाला ऐकवायचं, कोणाला नाही, हेही तिलाच विचारावं. मग ते सगळं मंडळात एका जागी राहावं. पुस्तकांचं एक गाठोडं करावं आणि ते घरोघर फिरावं. ज्या घरी आठवडाभर असेल त्या घरी एका संध्याकाळी शेजारची मुलं बोलवून कोणीतरी मोठ्याने वाचावं. स्पर्धा नको, गुण नकोत, प्रमाणपत्रही नको. वाचून झाल्यावर मुलांना ‘काय शिकलात’ असं विचारूही नये.

हे काम करायला मी तयार आहे. गुडघे दुखतात, पण दुचाकीच्या मागे बसून शहरभर हिंडता येतं. पहिलं नाव मी माझ्या आत्याचं देते. तिची ओवी टिपायला जाणार आहे, आणि सातव्या ओवीचा शेवट तिला पुन्हा एकदा विचारणार आहे. यंदा विचारायच्या आधी तिच्यापुढे जातं मांडून बघेन.

येत्या भाद्रपदी पौर्णिमेला संध्याकाळी सहा वाजता भुलाबाई माझ्या अंगणात बसेल. कार्यकारिणीतल्या सर्वांनी घरची मुलं आणि घरची म्हातारी माणसं घेऊन यावं. भाषण कोणी करायचं नाही. खाऊ काय असेल ते मी आधी सांगणार नाही.

आपली,
मंडळाची एक जुनी सभासद
रायपूर